हूगार्दन: गावाने परत मिळवलेली पांढरी बिअर आणि तिची मालकी

पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत आज ‘बेल्जियन विट’चा, म्हणजे पांढऱ्या बिअरचा, नळ बहुधा असतोच. गव्हाची, दुधट गढूळ, धने आणि संत्र्याच्या सालीच्या वासाची ही बिअर 1950 च्या दशकात जवळजवळ संपली होती. तिला परत आणले ते बेल्जियममधल्या हूगार्दन या जेमतेम सात हजार वस्तीच्या गावाने. नेमके सांगायचे तर त्या गावात दूध घालणाऱ्या पिएर सेलिस या माणसाने. सेलिस यांचे नाव सर्वज्ञात आहे म्हणून दिले आहे, बाकीची माणसे इथे नावाशिवाय येतील.

हे प्रकरण मांडण्याचे कारण म्हणजे यात कृती परत मिळवण्याचे काम तुलनेने सोपे गेले. जड गेले ते वाढलेला धंदा हातात ठेवणे. छोट्या गावात जुना खाद्यपेय उद्योग पुन्हा सुरू करणाऱ्या कोणालाही याच क्रमाने अडचणी येतात.

हूगार्दन हे फ्लेमिश ब्राबांतमधले गाव टीनेन शहराला लागून आहे. माती सुपीक, त्यामुळे गहू, सातू आणि ओट तिन्ही शिवारातच पिकत. आजूबाजूचा मुलूख ब्राबांतचा असला तरी गाव लिएजच्या राजबिशपच्या अमलाखाली होते, त्यामुळे ब्राबांतचे कर इथे लागू नसत. बिअर स्वस्त पडे आणि बाहेर विकली जाई. अठराव्या शतकात एवढ्याशा गावात तिसांहून अधिक ब्रुअरी नांदत होत्या त्या याच जोरावर. धने घरचे, तर कडू संत्र्याची साल डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून क्युरासाओ बेटावरून यायची. 1795 मध्ये फ्रेंचांनी हा सारा प्रदेश ताब्यात घेतला आणि कराची सवलत गेली.

पुढची घसरण शंभर-दीडशे वर्षे चालू राहिली. पिल्सनरसारखी स्वच्छ, सोनेरी, थंडाव्यात मुरवलेली बिअर आली. ती टिकाऊ होती आणि रेल्वेने लांब जाई. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजांनी बेल्जियमच्या ब्रुअरींतली तांब्याची भांडी उचलून नेली आणि अनेकांनी पुन्हा भट्टी लावलीच नाही. दुसऱ्या युद्धानंतर लिंबूपाणी आणि कोला घराघरात पोहोचले. पांढऱ्या बिअरचा जुना दोष तर होताच, उन्हाळ्यात ती काही आठवड्यांत आंबट पडे. गावातली शेवटची ब्रुअरी तॉमसिन कुटुंबाची. 1950 च्या दशकाच्या मध्यात तीही बंद झाली.

अडचण

तॉमसिनला टाळे लागल्यावर गावाकडे ब्रुअरी राहिली नाही, यीस्ट राहिले नाही आणि प्रमाणांची वही घेऊन बसलेला कोणी उस्तादही राहिला नाही. राहिली ती म्हाताऱ्यांची हळहळ आणि सेलिस यांची आठवण. ते त्या ब्रुअरीच्या शेजारीच वाढले होते. लहानपणी अधूनमधून कामाला हातभार लावला होता. कोणत्या भांड्यातून काय कुठे जाते, धने कधी पडतात, कण्या किती बारीक हव्यात, हे त्यांनी पाहिले होते.

दहा वर्षे अशीच गेली. 1965 मध्ये त्यांनी ठरवले की ही बिअर पुन्हा करायची.

पहिला निर्णय: कोणती बिअर?

गावाला हवी होती ‘आपली’ बिअर. पण जुनी पांढरी बिअर जशीच्या तशी करणे म्हणजे तिचे आंबट पडणेही परत आणणे. जुन्या पद्धतीत माल्ट (मोड आणलेले धान्य) भट्टीत न भाजता हवेवर वाळवत. असे माल्ट फिके राहते आणि त्यावर जिवाणूही राहतात. मॅशमधून (दळलेले धान्य आणि गरम पाण्याचे मिश्रण) रस गढूळ काढत, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) कमी घालत आणि बिअर ताजीच पिऊन संपवत. 1960 च्या दशकात दुकानाच्या फळीवर महिना-दोन महिने टिकावी लागणारी बाटली या पद्धतीने निघाली नसती.

सेलिस यांनी धान्याचे प्रमाण आणि मसाला जुना ठेवला, आंबवण्याची बाजू मात्र स्वच्छ केली. निवडलेले यीस्ट वापरले आणि बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची व्यवस्था ठेवली. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. त्यांनी चव जपली आणि दोष सोडून दिला. दूधधंद्यातल्या माणसाला भांडी, नळ्या, झाकणे यांची धुलाई किती काटेकोर लागते हे सांगावे लागत नाही. ही बिअर नासते ती मुख्यतः धुलाईतल्या हयगयीने.

कृती: हात कुठे अडतो

खालचे प्रमाण सेलिस यांच्या वहीतले नाही. आजच्या हजार लिटरच्या ब्रुअरीत बसेल असे या शैलीचे सर्वमान्य प्रमाण आहे. सुरुवातीची गोडी 12 अंश प्लेटो (म्हणजे रसात वजनाने सुमारे बारा टक्के साखर) धरली तर साधारण 175 किलो धान्य लागते. त्यात पिल्सनर माल्ट 88 किलो, माल्ट न केलेला कच्चा गहू 78 किलो आणि ओट 9 किलो. म्हणजे माल्ट निम्मे, गहू पंचेचाळीस टक्के आणि ओट पाच टक्के. दारूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते.

पहिली अडचण दळणात येते. कच्चा गहू माल्टपेक्षा कठीण असतो. माल्टच्याच फटीतून चक्की चालवली तर गव्हाचे दोन तुकडे होतात आणि आतला पिष्ट भाग तसाच राहतो. फट कमी करून गहू वेगळा दळावा, रव्यापेक्षा किंचित जाड. पीठ करू नये.

मॅश टप्प्याटप्प्याने चढवावी. 45 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवली की ओटचा चिकटपणा तुटतो, शिवाय लवंगेसारख्या वासाचा पाया इथेच तयार होतो. नंतर 50 अंशांवर दहा मिनिटे, त्याहून जास्त नको. इथे रेंगाळले की प्रथिने जास्त तुटतात, फेस बसतो आणि बिअर नको इतकी नितळ होते. मग 63 अंशांवर चाळीस मिनिटे, 72 वर वीस मिनिटे आणि शेवटी 78 वर नेऊन गाळणीत घ्यावी. गव्हाचे पिष्ट साधारण याच तापमानांत फुलते, म्हणून तांदूळ किंवा मक्यासारखा तो वेगळ्या भांड्यात शिजवावा लागत नाही.

सर्वांत मोठा त्रास गाळताना होतो. सातूला टरफल असते, त्याचाच थर चाळणीचे काम करतो. गव्हाला टरफल नाही आणि ओट लापशीसारखा चिकटतो. निम्मे धान्य असे असले की थर घट्ट बसतो, नळातून येणारी धार करंगळीएवढी होते आणि मग थांबते. घाईने पंप वाढवला तर थर आणखी आवळतो. अशा वेळी नळ बंद करावा, खालून गरम पाणी सोडून थर उचलावा, वरून पाती हळू फिरवावीत आणि पुन्हा सावकाश सुरू करावे. आधीच काळजी घ्यायची तर धुतलेले भाताचे तूस धान्याच्या तीन ते पाच टक्के मिसळावे. न धुतलेल्या तुसाची धूळ चवीत उतरते.

मसाला उकळीच्या अगदी शेवटी, पाच-दहा मिनिटे उरली असताना घालावा. हजार लिटरला 700 ग्रॅम ते एक किलो धने आणि 500 ते 800 ग्रॅम वाळलेली साल पुरते. धने ऐन वेळी भरडावेत. खलबत्त्यात दोन घाव घातल्यावर दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटतो तेवढेच. आदल्या दिवशी भरडून ठेवलेले धने बराच वास गमावतात. जुने धने, किंवा जास्त उकळलेले धने, बिअरला भाजीच्या पाण्यासारखा वास देतात. ग्राहकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण दुसरा ग्लास तो मागत नाही.

सालीचे तसेच. क्युरासाओचे संत्रे खाण्याजोगे नसते, त्याची वाळलेली साल कडवट आणि दाट सुवासाची असते. नागपुरी संत्र्याची साल वापरली तर सुवास गोड येतो, कडवट बाजू राहत नाही. ते वाईट नाही, फक्त बिअर वेगळी होते. कोणतीही साल असली तरी आतला पांढरा गर खरवडून काढलाच पाहिजे.

गढूळपणा ही या बिअरची ओळख आणि तोच दर बॅचला सारखा ठेवणे कठीण. पिष्ट, प्रथिने आणि यीस्ट मिळून तो बनतो आणि पिंप जितके दिवस थंडाव्यात उभे राहील तितका खाली बसत जातो. काही ब्रुअर उकळीच्या शेवटी मूठभर कणीक घालतात, त्याने दुधट रंग टिकतो.

दुसरा निर्णय: कुठे आणि केवढे

पहिली ब्रुअरी घरालगतच्या गोठ्यात आणि वरच्या गवताच्या माळ्यावर उभी राहिली. 1966 मध्ये तिथून पहिली बिअर विक्रीला निघाली. नाव ठेवले ‘दे क्लाउस’, म्हणजे मठी. त्या मातीत एके काळी साधूंनी बिअर केली होती, याची ती आठवण.

इथे पर्याय होते. बंद पडलेली एखादी ब्रुअरी जागेसकट घेता आली असती, किंवा दुसऱ्या ब्रुअरीकडून आपल्या नावाने बिअर करून घेता आली असती. गोठ्याचा मार्ग स्वस्त होता आणि चुका लहान ठेवणारा होता. बॅच बिघडली तर गटारात ओतून पुन्हा लावता येते, मोठ्या पिंपात ते परवडत नाही. ज्यांच्या जिभेवर जुनी चव होती असे गावातले म्हातारे हाकेच्या अंतरावर होते. असा परीक्षक कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

बिअर कशातून द्यायची हेही तेव्हाच ठरले. हूगार्दनचा जाड, षटकोनी, जड बुडाचा पेला आज जगभर ओळखला जातो. उंच नाजूक ग्लासात गढूळ बिअर मळकट दिसते, जाड काचेत ती दुधासारखी दिसते आणि थंडही जास्त वेळ राहते.

तिसरा निर्णय: वाढ

1970 च्या दशकात तरुण मंडळींनी ही बिअर उचलून धरली. लूवेनसारखे विद्यापीठाचे शहर जवळ होते. मागणी गोठ्याच्या आवाक्याबाहेर गेली. 1980 च्या सुमारास सेलिस यांनी गावातलाच हूगार्डिया हा बंद पडलेला लिंबूपाण्याचा कारखाना घेतला आणि ब्रुअरी तिथे हलवली.

लिंबूपाण्याच्या कारखान्यात बाटल्या धुण्याची आणि भरण्याची सोय, पाण्याची जोडणी, मालवाहतुकीचे दार आणि धुऊन निघणारी उताराची फरशी हे सगळे बहुधा तयार असते. नव्या ब्रुअरीचा मोठा खर्च यातच जातो. त्या दृष्टीने निवड अचूक होती.

पण या टप्प्यावर कागदाचे एक काम असते आणि ते सहसा मागे पडते. यंत्रे वाढली, साठा वाढला, इमारत बदलली की विम्याची रक्कम त्याच दिवशी वाढवायला हवी. वाढत्या धंद्यात पैसा कायम पिंपांत आणि बाटल्यांत अडकलेला असतो, आणि हप्ता वाढवणे पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

आग

1985 मध्ये ब्रुअरीला आग लागली. विमा होता, तो अपुरा होता.

अपुरा विमा म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहू, कारण बहुतेक लहान उद्योजकांची इथे गफलत होते. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा इमारत आणि यंत्रे पुन्हा उभी करायला दहा कोटी लागतील आणि विमा सहा कोटींचा आहे. आगीत पाच कोटींचे नुकसान झाले. मालकाला वाटते की नुकसान विम्याच्या आत आहे, म्हणजे पाच कोटी मिळतील. आपल्याकडच्या आगीच्या पॉलिसीत सरासरीचे कलम असते. विमा किमतीच्या साठ टक्के असेल तर नुकसानीचेही साठ टक्केच मिळतात, म्हणजे तीन कोटी. उरलेले दोन कोटी स्वतःचे. ब्रुअरी बंद राहील त्या काळात पगार, हप्ते आणि बुडालेला नफा यांसाठी वेगळी पॉलिसी नसेल तर तोही भार स्वतःवरच.

चौथा निर्णय: पैसा कोणाकडून

बेल्जियममध्ये अशा प्रसंगी दुसऱ्या ब्रुअरी धावून येतात, इथेही आल्या. त्यांत सर्वांत मोठा हात लूवेनच्या आर्त्वा ब्रुअरीचा होता, स्टेला आर्त्वा करणारी. दोनच वर्षांनी, 1987 मध्ये, ती जुपीयच्या पिएदबफ ब्रुअरीशी एकत्र येऊन इंटरब्रू झाली. या कर्जाच्या पैशावर इमारती आणि यंत्रे उभी राहिली.

अशा जागी असलेल्या ब्रुअरपुढे साधारण चार वाटा असतात. विम्यातून आलेल्या पैशात पुन्हा लहान सुरुवात करणे, यात बाजार हातचा जातो. बँकेचे कर्ज काढणे, पण जळालेल्या कारखान्याला तारण काय देणार? गावकरी, दुकानदार आणि बिअर पिणारे यांच्याकडून भागभांडवल उभारणे, ते वेळखाऊ आहे. आणि मोठ्या स्पर्धकाचा पैसा घेणे. तो लगेच मिळतो, सोबत वितरणाचे जाळेही येते. पण सावकार स्वतः त्याच धंद्यातला असला की त्याला केवळ व्याजात रस नसतो.

बॉयलर थंड पडलाय, कामगार दारात उभे आहेत, दुकानदार रोज फोन करतायत, अशा वेळी माणूस लगेच मिळणारा पैसा घेतो. सेलिस यांना त्याबद्दल दोष देणे योग्य नाही. पण तिसरी वाट निदान अर्ध्या रकमेसाठी चोखाळता आली असती तर टेबलावर बसताना त्यांची बाजू जड राहिली असती.

पाचवा निर्णय: विक्री

पुढच्या वर्षांत बिअर बेल्जियमबाहेर झपाट्याने गेली. सेलिस यांचे म्हणणे असे की कर्जाच्या जोरावर त्यांच्यावर कृती बदलण्याचा, बिअर अधिक सर्वसाधारण चवीची करण्याचा दबाव येऊ लागला. अखेर 1990 च्या सुमारास त्यांनी आपला हिस्सा इंटरब्रूला विकला. वय पासष्टीला आले होते.

मग त्यांनी जे केले ते क्वचितच कोणी करेल. विक्रीच्या पैशातून अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनला नवी ब्रुअरी काढली. 1992 मध्ये तिथून ‘सेलिस व्हाइट’ निघाली. जागा निवडताना पाणी पाहिले होते. ऑस्टिनचे पाणी चुनखडीतून येते, हूगार्दनच्या पाण्याच्या जवळ जाणारे. गहूही टेक्ससचाच. अमेरिकेत या शैलीचे पीक आले त्याची ही एक मोठी पेरणी.

पण तोच खेळ पुन्हा झाला. वाढीसाठी भांडवल लागले, 1995 मध्ये मिलर ही बडी कंपनी आत आली, हळूहळू सगळे तिच्याकडे गेले आणि 2000 च्या अखेरीस ती ब्रुअरी बंद पडली. भांडी आणि नाव मिशिगनमधल्या एका ब्रुअरीला विकले गेले. 2017 मध्ये कुटुंबाने ऑस्टिनमध्ये ते नाव काही काळ पुन्हा उभे केले. सेलिस स्वतः हूगार्दनला परतले होते आणि 2011 मध्ये तिथेच वारले.

गावाचे काय झाले

नोव्हेंबर 2005 मध्ये नव्या मालकाने (इंटरब्रू, तेव्हाचे नाव इनबेव्ह) हूगार्दनची ब्रुअरी बंद करून उत्पादन जुपीयला नेण्याचे जाहीर केले. कागदावर हिशेब बरोबर होता. मोठ्या कारखान्यात एक हेक्टोलिटर (शंभर लिटर) स्वस्त पडतो. गाव रस्त्यावर उतरले. ज्या बिअरच्या नावातच गाव आहे ती दुसरीकडे होणार, हे गावाला मान्य नव्हते.

उत्पादन हलवताना जे अडले ते कोणत्याही ब्रुअरने आधी सांगितले असते. एका ठिकाणची बिअर दुसऱ्या ठिकाणी नेणे म्हणजे कृतीचा कागद नेणे नव्हे. टाकीची उंची बदलली की तळाशी दाब बदलतो आणि यीस्ट कमी-जास्त वास सोडते. वर्ट (धान्यातून काढलेला गोड रस) उकळल्यानंतर थंड व्हायला किती वेळ लागतो, त्यावर धन्याचा वास किती उरतो ते ठरते. पिल्सनरसाठी बांधलेल्या गाळणीवर निम्मा गहू नीट चालत नाही. गढूळपणा तर साठवणीच्या टाकीनुसार बदलतो. सप्टेंबर 2007 मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. विक्री वाढत होती आणि जुपीयमध्ये तीच चव बसवणे जड गेले होते. ब्रुअरी हूगार्दनमध्येच राहिली.

वेगळे काय करता आले असते

ब्रुअरी गावात राहिली, पण ती राखायला गावाकडे आंदोलनाशिवाय दुसरे कोणतेही हत्यार नव्हते. असे हत्यार विक्रीच्या करारात घालता येते. गावाचे नाव ब्रँड म्हणून विकताना उत्पादन त्याच हद्दीत राहील, आणि हलवायचे असल्यास नाव आधी मूळ कुटुंबाला किंवा ग्रामसंस्थेला परत देऊ करावे, अशी अट टाकता येते. किंमत थोडी कमी मिळते. भौगोलिक मानांकन हा दुसरा मार्ग. गोव्याच्या काजू फेणीला ते 2009 मध्ये मिळाले, त्यामुळे दुसऱ्या राज्यात गाळलेल्या काजूच्या दारूला ते नाव लावता येत नाही. विटबिअर ही शैली मात्र कोणालाही, कुठेही करता येते.

कृतीबाबतही एक काम राहून जाते. कर्ज किंवा भागीदार घेण्याआधी मूळ बिअरची मापे लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी बंद करून ठेवावीत. कच्च्या गव्हाचे टक्के, सुरुवातीची आणि शेवटची गोडी, कडवटपणा, गढूळपणाचा आकडा, धन्याची जात आणि घालण्याची वेळ, यीस्टची नळी कुठल्या प्रयोगशाळेत ठेवली आहे, हे सगळे त्यात यावे. चव बदलल्याचा आरोप नुसत्या जिभेवर ठेवला तर तो वाद कधीच मिटत नाही. आकडे असले तर निदान कुठे, किती आणि कोणाच्या संमतीने बदलले ते दाखवता येते. यीस्टची दुसरी नळी ब्रुअरीबाहेर ठेवणे तर आगीच्या दृष्टीनेही आवश्यक. टाक्या पैसे देऊन पुन्हा घेता येतात, वीस वर्षे एकाच घरात सवयीला आलेले यीस्ट विकत मिळत नाही.

राहता राहिला विमा. त्याचा आढावा दरवर्षी ठरावीक तारखेला घ्यावा, आणि शिवाय प्रत्येक नवी टाकी आत येते त्या आठवड्यातही. रक्कम जुन्या खरेदीच्या किमतीवर न ठरवता आज तीच वस्तू नवी घ्यायला काय पडेल त्यावर ठरवावी. बंद काळाची पॉलिसी निदान बारा महिन्यांची असावी. जळालेली ब्रुअरी पुन्हा बांधून, भांडी बसवून, परवाने घेऊन पहिली विकण्याजोगी बॅच निघेपर्यंत सहा महिने पुरत नाहीत.